कॉलेजच्या नामांकनाने मिळणारी फेलोशिप: आतली प्रक्रिया कशी चालते

काही फेलोशिपच्या माहितीपत्रकात एक ओळ असते आणि आपल्याकडची बरीच मुलं तिथेच थांबतात: अर्जदाराचं नामांकन संस्थेकडून आलेलं असावं, थेट आलेले अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत. हे वाचलं की वाटतं, हा सगळा मामला पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजांचा; आपल्या कॉलेजला कोण विचारतंय? मग ते पान बंद होतं आणि विषय संपतो. हिंगोली, उदगीर, अंबाजोगाई, भोकर अशा ठिकाणी पदवी किंवा एम.एस्सी. करणाऱ्या आणि पुढे मोठ्या संस्थेत शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना त्या ओळीच्या पुढे काय असतं ते कळावं म्हणून हे लिहितोय. त्यांच्या शिक्षकांनीही वाचावं, कारण यातलं निम्मं काम त्यांचं आहे.

नामांकनाच्या फेलोशिपमध्ये स्पर्धा दोनदा होते. एक कॉलेजच्या आत, आणि दुसरी ठिकठिकाणांहून नामांकन होऊन आलेल्या उमेदवारांमध्ये. दुसरीची तारीख जाहिरातीत छापलेली असते. पहिलीची कुठेच नसते, ती कॉलेजने ठरवायची असते. माझं ठाम मत आहे की मराठवाड्यातली मुलं बाद होतात ती या पहिल्या फेरीत, आणि बहुतेक वेळा ती फेरी झालेलीच नसते.

देणाऱ्यांना हा खटाटोप कशाला हवा असतो? जागा मोजक्या आणि इच्छुक हजारो. दिल्लीत किंवा लंडनमध्ये बसलेल्या समितीला कागदावरचे गुण दिसतात. वर्गात प्रश्न कोण विचारतं, बिघडलेलं उपकरण घेऊन संध्याकाळपर्यंत कोण बसतं, दुसऱ्याचं प्रॅक्टिकल अडलं तर कोण थांबतं, हे तिला दिसत नाही. ज्यांना दिसतं त्यांनी आधी निवड करावी आणि त्या निवडीमागे संस्थेचं नाव उभं करावं, असा हा विचार आहे.

आपल्याला ही रीत नवीन नाही. इंटरनंतर भीमराव आंबेडकरांचं शिक्षण पैशांअभावी अडलं, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बडोदा संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षं, ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनच्या शिक्षणासाठी कोलंबियातले प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिलं. बुद्धी असामान्य होतीच, पण ती जवळून पाहिलेला कुणीतरी दर टप्प्यावर होता आणि त्याने वेळेवर पत्र लिहिलं. त्याच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली आजच्या छत्रपती संभाजीनगरात जे महाविद्यालय सुरू केलं, ते मिलिंद. म्हणजे ज्या भागात ‘आमच्याकडे कोण शिफारस करणार’ असं मुलं म्हणतात, त्याच भागात हा वारसा आहे.

नामांकन नेमकं कोण करतं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ‘संस्थेचं नामांकन’ म्हटलं की आपण आपलंच कॉलेज धरून चालतो. प्रत्यक्षात तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिन्हींत धावपळ वेगवेगळ्या दारी करावी लागते.

पहिल्या प्रकारात तुमची सध्याची संस्था नाव पाठवते. अमेरिकेत याचं प्रस्थ मोठं आहे. सार्वजनिक सेवेकडे वळणाऱ्यांसाठीच्या ट्रुमन शिष्यवृत्तीला तिथलं प्रत्येक कॉलेज साधारण चार नावं पाठवू शकतं. केंब्रिजला विज्ञान-गणिताच्या एका वर्षाच्या अभ्यासासाठी असलेल्या चर्चिल शिष्यवृत्तीला सहभागी विद्यापीठांनी दोनच नावं द्यायची. म्हणून तिथल्या कॅम्पसवर आतली निवड अटीतटीची होते आणि आतली मुदत खऱ्या मुदतीच्या कितीतरी आठवडे आधी संपते. आपल्याकडे हा प्रकार भेटतो तो युरोपच्या इरास्मस प्लस देवाणघेवाणीत: दोन विद्यापीठांत करार असेल तर सहामाहीपुरतं तिकडे कोण जाणार हे इथलं विद्यापीठ ठरवतं. तुमच्या विद्यापीठाचे असे करार कोणाशी आहेत हे आंतरराष्ट्रीय संबंध कक्षात विचारा. मुलं तिथे फारशी फिरकत नाहीत.

दुसऱ्या प्रकारात तुम्ही जिथे जाणार ती संस्था नाव पुढे करते. पंतप्रधान संशोधन फेलोशिप यातली. २०१८च्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. पहिली दोन वर्षं दरमहा ७०,००० रुपये, तिसऱ्या वर्षी ७५,०००, चौथ्या-पाचव्या वर्षी ८०,००० आणि शिवाय दरवर्षी दोन लाखांचं संशोधन अनुदान, अशी तिची रचना झाली. नेहमीची जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, २०२३पासून दरमहा ३७,००० आहे, त्यावरून फरक लक्षात येईल. २०२५च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत अशा १०,००० फेलोशिप देण्याची घोषणा झाली आहे. इथे तुमच्या कॉलेजच्या प्राचार्यांची शिफारस चालत नाही. आयआयटी किंवा बंगळुरूच्या आयआयएससीसारख्या संस्थेत पीएच.डी.चा प्रवेश आणि तिथल्या विभागाची शिफारस लागते. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीतही एक वाट अशीच आहे: तिकडचं विद्यापीठ तुमची शिफारस करतं. म्हणून तिथल्या प्राध्यापकांशी आधी पत्रव्यवहार करावा लागतो.

तिसऱ्या प्रकारात मधे तिसरीच संस्था असते. ब्रिटनची राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, म्हणजे कॉमनवेल्थ, हे त्याचं ठळक उदाहरण. तिथल्या आयोगाकडे अर्ज भरायचा आणि शिवाय नामांकन करणाऱ्या संस्थेकडेही भरायचा. भारतासाठी ती मुख्यतः केंद्राचं शिक्षण मंत्रालय आहे. एकच अर्ज भरून निर्धास्त राहिलेली मुलं दरवर्षी बाहेर पडतात. गुणवत्ता, अभ्यासाचा आराखडा आणि त्या शिक्षणाचा आपल्या देशाच्या विकासाला होणारा उपयोग या तीन गोष्टी तिथे तपासल्या जातात. तिसरी गोष्ट मराठवाड्यातल्या उमेदवाराने जीव ओतून लिहावी, कारण पाणी, शेती, स्थलांतर याबद्दल त्याच्याकडे पाहिलेलं-भोगलेलं खूप असतं.

आणखी एक गोष्ट. एकच फेलोशिप देशागणिक वेगळी वागते. ऑक्सफर्डला शिकण्यासाठीच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीला अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला कॉलेजचं समर्थनपत्र लागतं; भारतातला विद्यार्थी थेट अर्ज करतो. म्हणून यूट्यूबवरच्या कुणा परदेशी विद्यार्थ्याचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका, तुमच्या देशासाठीची नियमावली उघडून वाचा.

कॉलेजमध्ये काय करायचं

मोठ्या विद्यापीठांत यासाठी स्वतंत्र कार्यालय असतं. आपल्याकडे पत्र येतं, आवक रजिस्टरला नोंद होते, प्राचार्यांच्या टेबलावरून कुठल्यातरी विभागाकडे मार्क होतं आणि तिथे फायलीला लागतं. बऱ्याच योजनांचं तर पत्रच येत नाही, सगळं वेबसाइटवर असतं. तेव्हा माहिती वरून खाली येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही, ती विद्यार्थ्यानेच वर न्यायची.

प्राचार्यांकडे जाताना एक पानाचं टिपण न्या. योजनेचं नाव, कोण देतं, कॉलेजला किती नावं पाठवता येतात, शेवटची तारीख, आणि कॉलेजने नेमकं काय करायचं आहे: पत्र द्यायचं, लॉगिन तयार करायचं, की कुणाची समन्वयक म्हणून नेमणूक करायची. खाली विभागप्रमुखांचा शेरा घेऊन जा. तोंडी सांगितलेलं ‘बघू’मध्ये विरतं, कागद असला की त्याला जावक क्रमांक पडतो. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा निकष आहे, उच्च शिक्षणाला किती विद्यार्थी गेले ते तिथे मोजलं जातं, ही गोष्टही नम्रपणे सांगायला हरकत नाही. कॉलेजचाही त्यात फायदा आहे.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की आतली निवड खुली करा. एका विभागातल्या एका आवडत्या विद्यार्थ्याचं नाव परस्पर पाठवलं की दोन नुकसानं होतात: दुसरीकडची चांगली मुलगी राहून जाते, आणि बाहेरच्या समितीला पत्रात ‘निवड कशी केली’ याचं उत्तर सापडत नाही. सगळ्या विभागांत सूचना फिरवा, वर्गात वाचून दाखवा. दुपारच्या एसटीने गावी परतणाऱ्या मुली नोटीस बोर्डापाशी थांबत नाहीत आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर घरातला एकच फोन असतो, हे आपल्याला माहीत आहे. तिघांची समिती करा, त्यातला एक जण दुसऱ्या विद्याशाखेचा असू द्या. खऱ्या मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी नाव ठरवा, म्हणजे अर्ज सुधारायला वेळ उरतो.

नामांकनाच्या पत्रात काय हवं? ‘सदर विद्यार्थी आमच्या महाविद्यालयाचा नियमित विद्यार्थी असून त्याची वर्तणूक चांगली आहे’ हे बोनाफाईड झालं. नामांकनात निवड कशी झाली, किती जणांतून झाली, या विद्यार्थ्याला इतरांपेक्षा वेगळं काय ठरवतं आणि त्याला पुरावा काय, हे लागतं. यात एक भाग असा आहे जो कॉलेजच उत्तम लिहू शकतं: परिस्थिती. समजा बीड जिल्ह्यातल्या एका मुलाचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, तो धाकट्या भावंडांना सांभाळून हिवाळी सत्राची परीक्षा देतो आणि त्या सत्राचे गुण दरवर्षी थोडे खाली येतात. हे त्याने स्वतः लिहिलं तर कुणाला ती सबब वाटेल. प्राचार्यांनी दोन वाक्यांत, कोरडेपणाने लिहिलं तर मार्कमेमोवरचा तो खड्डा वाचणाऱ्याला समजतो.

शिफारसपत्रं

या सगळ्यात निर्णायक काही असेल तर ते शिक्षकांचं शिफारसपत्र. आणि आपल्याकडे नेमकं तेच सगळ्यात हलक्या हाताने लिहिलं जातं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेलं आहे. सरांचा हेतू चांगला असतो, तास आणि परीक्षांच्या कामातून त्यांना सवड नसते. पण विद्यार्थ्याने लिहिलेली दोन-तीन पत्रं एकाच आवाजात बोलतात, आणि शेकडो पत्रं वाचलेल्या माणसाला ते लगेच ऐकू येतं. शिवाय पत्र ज्याच्या नावाने जातं त्यानेच ते लिहिलेलं असावं, ही साधी प्रामाणिकपणाची बाब आहे.

यावर उपाय असा: पत्र लिहून नेऊ नका, माहितीचं पान न्या. सरांच्या कोणत्या तासाला तुम्ही होता, कोणता प्रकल्प केला, त्यात कुठे अडला, ते कसं सुटलं, सेमिनार कशावर दिला, आणि ही फेलोशिप नेमकी काय शोधते. सोबत निवेदनाचा कच्चा मसुदा. मग सरांना लिहायला बसलं की अर्ध्या तासात जमतं आणि पत्र त्यांचं होतं.

फरक किती पडतो ते पाहा. एक पत्र म्हणतं, ‘ही विद्यार्थिनी अत्यंत हुशार, कष्टाळू व नम्र आहे. तिला उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.’ दुसरं म्हणतं, ‘पाण्याचा कठिणपणा मोजताना एका नमुन्याची तीन मापनं जुळेनात. बाकीच्यांनी सरासरी काढून वही पूर्ण केली. हिने ब्युरेट तपासली, द्रावण पुन्हा तयार केलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन सगळे नमुने पुन्हा मोजले. वीस वर्षांच्या अध्यापनात असं करणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले.’ दुसऱ्या पत्रात स्तुतीचं एकही विशेषण नाही, तरी ती मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते. असं पत्र मिळायचं तर सरांनी ते पाहिलेलं हवं, आणि त्यांनी पाहावं म्हणून तुम्ही प्रयोगशाळेत थांबायला हवं. म्हणूनच या अर्जाची तयारी निदान वर्षभर आधी सुरू होते. ज्या प्राध्यापकांना तुमचं नाव हजेरीपटावरूनच माहीत आहे त्यांचं पत्र, ते कितीही मोठ्या पदावर असले तरी, घेऊ नका.

एक बारीक पण घात करणारी गोष्ट. बहुतेक पोर्टल शिफारस करणाऱ्यांना थेट ईमेलवर लिंक पाठवतात आणि कित्येक ठिकाणी संस्थेचाच ईमेल लागतो. आपल्याकडे निम्म्या सरांचा कारभार जीमेलवर चालतो. कॉलेजचा ईमेल आहे का, त्याचा पासवर्ड आठवतो का, हे महिनाभर आधी विचारून घ्या. लिंक स्पॅममध्ये गेली का तेही त्यांच्या शेजारी बसून पाहा. यात संकोच करायचं काही नाही. आठवण करून देणं हे विद्यार्थ्याचंच काम आहे, आणि मॅडमना त्याचा राग येत नाही.

तुमचं निवेदन

इथे मराठवाड्यातल्या मुलांच्या हातून एक ठरावीक गोष्ट होते. दुष्काळ लिहिला जातो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, याने सुरुवात होते, मग शेतकऱ्यांच्या हालअपेष्टा, मग ‘म्हणून मला पाण्यावर संशोधन करायचं आहे’. यातलं सगळं खरं आहे, पण ते लातूरच्या कुणीही लिहावं असं आहे. वाचणाऱ्याला तुमच्या डोक्यात कोणता प्रश्न घोळतोय ते हवं असतं.

समजा तीच मुलगी असं लिहिते: ‘आमच्या गावातल्या विहिरींचं पाणी मी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासलं. पावसानंतर कठिणपणा कमी व्हावा अशी अपेक्षा होती आणि बहुतेक विहिरींत तो झालाही. ओढ्याकाठच्या एका विहिरीत मात्र तो वाढला. मी नमुना पुन्हा आणला, पुन्हा मोजलं, आकडा तोच. शेजारच्या शेतातून काही झिरपतं का, की खालच्या खडकाचा काही संबंध आहे, हे ठरवायला जी उपकरणं लागतात ती आमच्या प्रयोगशाळेत नाहीत. ती तुमच्या विभागात आहेत.’ इथे गाव आलं, दुष्काळाचा प्रदेश आला, कष्ट आले, आणि ‘याच संस्थेत का’ याचं उत्तरही आलं. दया मागावी लागली नाही. बेसाल्टच्या कातळावर राहणाऱ्या मुलीने भूजलाबद्दल विचारलेला प्रश्न कुठल्याही समितीला गंभीरपणे घ्यावा लागतो.

भाषेची भीती फार असते. आधी मराठीत लिहा, अगदी बोलता तसं. म्हणायचं काय आहे ते पक्कं झालं की छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत मांडा. जड शब्दांनी भरलेलं पान कुणाला प्रभावित करत नाही. मदत किती घ्यायची याचेही नियम असतात: ऱ्होड्ससारख्या ठिकाणी निवेदन पूर्णपणे स्वतःचं असल्याचं लिहून द्यावं लागतं, दुसऱ्याने तपासून दुरुस्त केलेलंही चालत नाही. ते पाळा.

कागदपत्रं

विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मिळायला आठवडे जातात, म्हणून तो अर्ज सगळ्यांत आधी करा. सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर केल्याचं प्रमाणपत्र आणि शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचं प्रमाणपत्र त्याच फेरीत मागून घ्या, नाहीतर नांदेडला किंवा संभाजीनगरला पुन्हा जावं लागतं. मार्कमेमोवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर वेगळा क्रम. पासपोर्टवर तिसराच, आणि स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त. हे परदेशी पोर्टलवर अडतं. पासपोर्ट काढतानाच नाव दहावीच्या सनदेप्रमाणे ठेवा. विज्ञान शाखेतून विद्यापीठात पहिले आला असाल तर केंद्राच्या इन्स्पायर फेलोशिपसाठी विद्यापीठाचं प्रथम क्रमांकाचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. वर्तमानपत्रातलं कात्रण किंवा सत्काराचं सन्मानचिन्ह त्याला चालत नाही.

मुलाखतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कॉलेजने एक सराव मुलाखत घ्यावी, त्यात दुसऱ्या विषयाचे शिक्षक बसवावेत आणि ‘हे काम इथे पुण्यात का नाही करत?’ असा आडवा प्रश्न विचारावा. एखादं उत्तर येत नसेल तर तसं सांगून आपण ते कसं शोधू हे सांगणारा उमेदवार पॅनेलला आवडतो.

नामांकन दुसऱ्याला मिळालं तर वाईट वाटणारच. पण तोवर तुमच्याकडे दोन चांगली शिफारसपत्रं, घासूनपुसून तयार केलेलं निवेदन आणि सगळे कागद जमलेले असतात, आणि थेट अर्जाच्या वाटा बऱ्याच आहेत. भारतात पीएच.डी. करत असाल तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप आहे. मास्टर्ससाठीच्या फुलब्राइटला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणून ती नोकरीला लागलेल्यांनी डोक्यात ठेवावी. इरास्मस मुंडसच्या मास्टर्स अभ्यासक्रमांना थेट अर्ज करता येतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, तेव्हा प्रवेशासाठी विद्यापीठ निवडण्याआधीच ती अट पाहून घ्या. प्रवेश हातात आल्यावर पाहिलं तर उशीर झालेला असतो. राष्ट्रकुलचे अर्ज बहुधा ऑक्टोबरात बंद होतात. तिला बसायचं असेल तर शिफारशीसाठी सरांना जूनमध्ये, कॉलेज उघडल्या उघडल्या भेटा.